पाळी चुकली, किट निगेटिव्ह, लक्षणं मात्र सगळी गरोदरपणाची: एका केसचा अभ्यास

मी नाशिककडच्या एका तालुक्याच्या गावात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून काम करते. ही केस आमच्याकडचीच, नाव बदललंय, वृषाली म्हणूया, आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील काढून टाकलेत, तिला विचारूनच लिहितेय. लिहायचं कारण एवढंच की अशा बायका आमच्याकडे सारख्या येतात, किट निगेटिव्ह आलं की घरचे म्हणतात थांब आठ दिवस, परत निगेटिव्ह आलं की परत थांब, आणि या थांबण्यात "गरोदर नाही तर मग पाळी का आली नाही" हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

पार्श्वभूमी

वृषाली २९ वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झालेली. एमआयडीसीत पॅकिंगला, आठवड्याआड नाइट शिफ्ट. नवरा पण कंपनीतच, दुसऱ्या. घरी सासू-सासरे आणि लग्नाची नणंद. पहिली दोन वर्षं दोघांनी ठरवून थांबवलं होतं, गेल्या सहा-सात महिन्यांपासून मूल हवं म्हणून काहीच वापरत नव्हते. पाळी आधीपासून एकदम वेळेवर, २८ ते ३० दिवसांनी. थायरॉईड, शुगर, बीपी काही नाही, वजनही बेताचं.

दिवाळीच्या आसपास शेवटची पाळी आली आणि तीही नेहमीसारखी नाही, दीड दिवस थोडंसं डागासारखं. त्यानंतर नाहीच.

समस्या

डिसेंबरमध्ये पाळी चुकली तेव्हा घरात आनंदच झाला. मळमळ होती, छाती जड आणि हात लागला तरी दुखायची, पोट फुगल्यासारखं, कामावरून आली की आडवी व्हायची. पहिलं किट तिने तारीख उलटून दोनच दिवस झाले होते तेव्हा केलं, निगेटिव्ह. हे समजण्यासारखं आहे, कारण किट जे हार्मोन शोधतं ते एचसीजी गर्भ गर्भाशयात रुजल्यानंतरच तयार व्हायला लागतं, बीज बाहेर पडल्यापासून रुजायला साधारण ६ ते १२ दिवस जातात आणि मग दर दोन-तीन दिवसांनी ते दुप्पट होत जातं. त्या महिन्यात बीजच उशिरा सुटलं असेल तर तारीख उलटली तरी किटला सापडण्याएवढं हार्मोन झालेलं नसतं. म्हणून आठवड्याने परत करायचं असतं. तिने केलं. निगेटिव्ह. अजून दहा दिवसांनी नवऱ्याने दुसऱ्या कंपनीचं आणलं, तेही निगेटिव्ह.

आता इथे एक गोष्ट झाली. ते तिसरं किट बाथरूमच्या खिडकीत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेला त्यावर दुसरी रेघ दिसली, अगदी फिकट, राखाडी. तिने फोटो काढला, आत्याला पाठवला, आत्याने मावशीला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत गोड बातमी. खरं तर किट पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच बघायचं असतं, साधारण पाच मिनिटांत, उशिरात उशिरा दहा. नंतर लघवी वाळते तेव्हा पट्टीवर अशी रंग नसलेली रेघ उमटू शकते, तिला काही अर्थ नसतो.

नंतर दोन गोष्टी अजून झाल्या आणि दोन्हींचा अर्थ घरच्यांनी उलटा लावला. एक, वृषाली मनातून घाबरलेली होती म्हणून तिने मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून पाळी यायच्या गोळ्या आणल्या, पाच दिवस घेतल्या, नंतर दोन आठवडे वाट पाहिली तरी पाळी आली नाही. मैत्रीण म्हणाली, "गोळीनेपण आली नाही म्हणजे दिवस गेलेत, लिहून घे." दुसरी गोष्ट, जानेवारीत ड्रेसवर छातीच्या जागी दोन छोटे ओले डाग दिसले, दाबलं तर पांढरं पाणी आलं, दुधासारखं. हे सासूबाईंनी पाहिलं आणि मग विषयच संपला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला "पुढच्या वर्षी आमच्याकडे बोरन्हाण" असं सांगूनही झालं.

त्यात मोबाईलवर व्हिडिओ बघितले होते, काही बायकांचं गरोदरपण टेस्टमध्ये दिसतच नाही, बाळ लपलेलं असतं वगैरे. या गोष्टीने किती बायकांना महिनोन्महिने अडकवून ठेवलंय ते मी बघतेय. उशिरा लक्षात येणारी गरोदरपणं असतात, खरी असतात, पण बहुतेक वेळा त्या बाईने टेस्टच केलेली नसते किंवा चुकीच्या वेळी केलेली असते. पाळी चुकून दोन महिने झाल्यावर रक्तात एचसीजी नाही आणि सोनोग्राफीत काही नाही, तर गर्भ नाही.

आमच्याकडे ती जानेवारीअखेर आली, शेवटच्या पाळीला अकरा-एक आठवडे झाले होते. सोबत सासूबाई. हातात फाईल नव्हती, फक्त तो किटचा फोटो.

कोणते पर्याय समोर होते

तिच्या घरच्यांना अजून एक किट आमच्यासमोर करून हवं होतं. त्याने काही मिळालं नसतं, चौथं निगेटिव्ह आलं असतं आणि चौथ्यांदा कुणी मानलं नसतं.

रक्ताची बीटा एचसीजी हा दुसरा, आणि खरं तर पहिला कामाचा पर्याय. किट साधारण २५ च्या पुढचं एचसीजी पकडतं, रक्ताच्या तपासणीत ५ च्या खाली असेल तर गरोदर नाही असं धरतात. ही तपासणी करायचं अजून एक कारण असतं आणि ते घाईचं असतं: गर्भ नळीत राहिला असेल तर हार्मोन कमी असू शकतं आणि किट फसवू शकतं. वृषालीला पोटात एका बाजूला दुखणं, चक्कर, खांद्यात कळ, अंगावरून थोडं थोडं जाणं, यातलं काही नव्हतं. ज्यांना असेल त्यांनी किटच्या रेघा मोजत बसू नये, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी.

तिसरा पर्याय सोनोग्राफी, चौथा म्हणजे पाळी यायच्या गोळ्यांचा अजून एक कोर्स, आणि पाचवा थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे छातीत दूध आणणारं हार्मोन, यांची रक्ततपासणी. चौथा पर्याय सगळ्यात सोपा असतो आणि खूप ठिकाणी तोच होतो, बाईला पण बरं वाटतं पाळी आली की. पण कारण कळायच्या आधी पाळी आणली तर कारण तसंच आत राहतं. आणि हिच्या बाबतीत ती गोळी एकदा फेल गेली होती, हीच तर महत्त्वाची खूण होती. त्या गोळीने पाळी यायची असेल तर आधी गर्भाशयाचं अस्तर तयार झालेलं असावं लागतं, ते इस्ट्रोजेनने तयार होतं. नाही आली याचा अर्थ एक तर गरोदर आहे, नाहीतर अस्तरच बनलेलं नाही, क्वचित गर्भाशयातच काही अडथळा असतो. मैत्रिणीला यातला पहिलाच अर्थ माहीत होता.

आणि दूध. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत असं दूध सहसा येत नाही. आमच्या डॉक्टर मॅडमनी ते ऐकलं आणि बीटा एचसीजीच्या चिठ्ठीवरच टीएसएच, म्हणजे थायरॉईडची तपासणी, आणि प्रोलॅक्टिन लिहिलं. क्रम मात्र सांभाळायचा असतो, कारण गरोदरपणात प्रोलॅक्टिन आपोआप वाढतं, म्हणजे आधी एचसीजीचं उत्तर हातात हवं, नाहीतर प्रोलॅक्टिनचा आकडा बघून भलतीकडे जायला होतं.

काय केलं

बीटा एचसीजी २ पेक्षा कमी. सोनोग्राफीत गर्भाची पिशवी नाही, नळीकडे काही नाही, ओव्हरी नॉर्मल, अस्तर ४ मिलिमीटर, म्हणजे पातळ. टीएसएच २.६, ठीक. टीएसएच बघायचंच होतं, कारण थायरॉईड कमी पडत असेल तरी प्रोलॅक्टिन वाढतं आणि पाळी लांबते.

प्रोलॅक्टिन ११२ आलं. गरोदर नसलेल्या बाईत साधारण २५ पर्यंत असतं. रक्त देताना ती रात्रपाळी करून थेट आली नव्हती ना, उठल्या उठल्या दिलं नव्हतं ना हे विचारलं, कारण झोपेत प्रोलॅक्टिन वाढतं आणि ताणानेही थोडं वाढतं, पण त्याने एवढा आकडा होत नाही. डोकेदुखी नाही, बाजूचं कमी दिसतंय असं नाही, तेही मॅडमनी तपासलं.

इथून पुढे खरा निर्णय होता. प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं की दोन गोष्टी लगेच सुचतात, डोक्याचा एमआरआय काढा किंवा प्रोलॅक्टिन कमी करायची कॅबरगोलीनची गोळी सुरू करा. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीवर छोटी गाठ असू शकते हे खरंच आहे, ते सोडून देण्यासारखं नाही. आकडा खूपच जास्त, २०० च्या वर असला तर गाठीची शंका वाढते, पण काही औषधांनीही आकडा मोठा होतो, म्हणून नुसत्या आकड्यावर ठरवता येत नाही. मॅडम म्हणाल्या एमआरआयच्या आधी ती कोणती औषधं घेतेय ते बघू.

फॉर्मवर "सध्या काही औषधं चालू आहेत का" याच्यापुढे वृषालीने "नाही" लिहिलं होतं. मी तिला सासूबाईंना बाहेर बसवून परत विचारलं, तरी नाहीच म्हणाली, फक्त फोलिक ऍसिड घेते म्हणाली, जे चांगलंच होतं. मग मी तिला म्हटलं, "ताई, औषध असं नको धरू. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत गोळी म्हणून जे काय तोंडात जातं ते सगळं सांग."

"गॅसची गोळी घेते ना, पण ते काय औषध नाही."

पर्समधून तिने पट्टी काढली. पट्टी म्हणजे तीन कॅप्सूलचा तुकडा, मेडिकलवाला कात्रीने कापून देतो तसा, नाव अर्धं कापलेलं, चंदेरी कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात "सल्पिराइड" आणि पुढे ७५ एवढं वाचता आलं. तो तुकडा घेऊन मी आतच गेले.

दसऱ्यानंतर नाइट शिफ्ट वाढल्या, रात्री दोन वाजता डबा, त्यावर चहा, मग छातीत जळजळ. जवळच्या एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी कॅप्सूल दिली होती, रोज एक रिकाम्यापोटी. बरं वाटलं, पंधरा दिवस संपले, बंद केली की परत जळजळ, मग मेडिकलमधून तीच गोळी दाखवून घ्यायची, साडेतीन महिने हेच चाललं होतं. कॅप्सूलमध्ये ऍसिड कमी करणारं रॅबेप्राझोल होतं आणि सोबत लेव्होसल्पिराइड. हे दुसरं औषध पोट पुढे सरकवायला मदत करतं, म्हणून गॅस, फुगणं, मळमळ यावर देतात, आपल्याकडे खूप दिलं जातं. पण ते काम करतं डोपामिन अडवून. आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत प्रोलॅक्टिनवर डोपामिनचाच ब्रेक असतो, तो ब्रेक सुटला की प्रोलॅक्टिन वाढतं, छाती जड होते, दूध येऊ शकतं आणि ओव्हरीला मिळणारे सिग्नल दबतात, बीज बाहेर पडत नाही, अस्तर बनत नाही, पाळी थांबते. डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइड या उलटीच्या गोळ्यांनीही असंच होऊ शकतं, मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही.

म्हणजे वृषालीची सगळी लक्षणं खरी होती. छाती दुखणं, दूध, पाळी नसणं प्रोलॅक्टिनमुळे, मळमळ आणि पोट फुगणं मूळच्या ऍसिडिटीमुळे, थकवा तीन महिने न झालेल्या झोपेमुळे. "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं तिला नवऱ्याचा मित्र म्हणाला होता. तिच्यासमोर कुणीतरी हे स्पष्ट बोलणं गरजेचं होतं की तू खोटं काही बोलली नाहीस आणि तुझं डोकंही ठिकाणावर आहे, मी तेच आधी बोलले, मग रिपोर्ट समजावला.

मॅडमनी तिच्या त्या डॉक्टरांना फोन केला, ते लगेच तयार झाले, कॅप्सूल बंद, त्याऐवजी थोड्या दिवसांसाठी नुसती ऍसिड कमी करणारी गोळी, डबा रात्री अकराला, चहा दोन कपांवर आणायचा. मानसिक आजाराची गोळी असती तर हा निर्णय असा पटकन घेता आला नसता, ती गोळी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कुणी म्हणजे कुणीच बंद करायची नसते, प्रोलॅक्टिन कितीही असो.

सासूबाईंशी बोलणं

हे मला रिपोर्टपेक्षा अवघड गेलं. काकूंना आत बोलावलं तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकलं, "अहो मॅडम, तीन बाळंतपणं झालीत माझी, दूध येतंय पोरीला, मला कळत नाही का?" मी त्यांना चुकीचं म्हटलं नाही. म्हटलं, काकू, दूध येतंय हे तुम्हीच पहिलं ओळखलं आणि त्याच्यामुळेच कारण सापडलं. मग सोनोग्राफीचा फोटो दाखवला, गर्भाशय कुठलं, पिशवी असती तर कुठे दिसली असती ते. मग कॅप्सूलचा तुकडा हातात दिला. बराच वेळ तो उलटसुलट करून बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरीत दोष नाही ना?"

खरा प्रश्न हाच होता त्यांचा. मी म्हटलं नाही. आणि नातेवाइकांना काय सांगायचं ते दोघींनी तिथेच बसून ठरवलं, "गोळीमुळे पाळी लांबली होती, आता बरी आहे," एवढंच, बाकी कुणाला काही नाही. वृषाली रडली. इतके दिवस जे आहे असं मानलं ते नव्हतंच, पण त्याचं दुःख खरं असतं, त्याला जागा द्यावी लागते. मी पुढच्या आठवड्यात तिला एकटीला बोलावलं, नवऱ्यासोबत नाही, एकटीला.

परिणाम

औषध बंद करून तीन दिवसांनी परत प्रोलॅक्टिन बघितलं तरी चालतं, मॅडमनी जरा जास्त वेळ दिला, दोन आठवड्यांनी बघितलं, १८ आलं. एमआरआयची गरज उरली नाही. आकडा खाली आला नसता तर तो काढायचाच होता, हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणजे नंतर धक्का नको.

पाळी साधारण पाच आठवड्यांनी आली, चार दिवस, नेहमीसारखी. मधल्या काळात तिला एक गोष्ट नीट सांगितली होती जी बऱ्याच जणींना माहीत नसते, की बीज आधी सुटतं आणि पाळी नंतर येते, त्यामुळे पाळी परत यायच्या आधीच दिवस राहू शकतात, तेव्हा आठ आठवड्यांत पाळी आली नाही तर परत टेस्ट करायची, या वेळी मात्र तिचा अर्थ सरळ लागेल. दूध पूर्ण थांबायला जास्त वेळ लागला, दीड-दोन महिने. त्यात ती सारखं दाबून बघायची, त्यानेही प्रोलॅक्टिन थोडं चाळवतं, ते बंद कर म्हटल्यावर लवकर थांबलं. शेवटची भेट झाली तेव्हा दोन पाळ्या वेळेवर झाल्या होत्या. मूल लगेच हवं की थोडं थांबायचं, हे दोघांचं अजून ठरायचं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या किटनंतर आठवड्याने दुसरं केलं हे बरोबरच होतं. तेही निगेटिव्ह आलं आणि पाळी नाही, तिथेच दवाखान्यात यायला हवं होतं. ती जवळजवळ दीड महिना उशिरा आली. नियमित पाळी असणारीला तीन महिने पाळी नाही तर तपासणी लागतेच असं डॉक्टर सांगतात, पण दूध येत असेल, डोकं सतत दुखत असेल, दिसायला कमी झालं असेल, तर तीन महिने मोजायचे नाहीत.

पाळी यायच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळायला नको होत्या. आणि त्या फेल गेल्यावर ज्याने विकल्या त्याने एवढं जरी म्हटलं असतं की ताई आता डॉक्टरांना दाखवा, तर जानेवारी वाचला असता. कॅप्सूलचंही तसंच. पंधरा दिवसांची चिठ्ठी साडेतीन महिने चालली आणि प्रत्येक वेळी तुकडा कापून दिला गेला, नाव, तारीख, काहीच शाबूत नाही. पट्टी पूर्ण घ्या, निदान नावाचा भाग तरी आपल्याकडे राहील असा मागा, किंवा पट्टी कापायच्या आधी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. मी आता प्रत्येकीला हे सांगते.

मूळ डॉक्टरांबद्दल मी कडक बोलणार नाही, औषध चुकीचं नव्हतं, पंधरा दिवसांसाठीच दिलं होतं. पण मूल हवंय अशा वयातल्या बाईला ते देताना "या गोळीने पाळी पुढे गेली, छाती दुखली तर बंद करून ये" हे एक वाक्य बोलायला अर्धं मिनिट लागतं.

आमच्या फॉर्मवरचा प्रश्न मॅडमनी त्याच आठवड्यात बदलला. आता तिथे असं आहे: गॅस, ऍसिडिटी, उलटी, झोप, डोकेदुखी, वजन, केस, यातल्या कशाचीही गोळी, पावडर किंवा काढा गेल्या सहा महिन्यांत घेतला का, आणि पट्टी सोबत आणली आहे का.